लेकीचा दाखला मी लॅमिनेट केला

मी निलंग्याच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. म्हणजे माइकवरून ‘लातूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे’ असं जो खणखणीत आवाजात सांगतो, तो मी. गाडी तेव्हा तीनवर लागलेली असते. प्रवाशांना आता सवय झाली आहे. माझं ऐकतात आणि डोळ्यांनी गाडी शोधतात. एकदा तर एका म्हातारीनं खिडकीत येऊन मला विचारलं, ‘‘बाबा, तू सांगतोस तिथं न्हाई, खरी कुठं हाय?’’

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला धक्का बसायला नको.

माझ्या लेकीला बारावीनंतर इंजिनिअरिंगला जायचं होतं. नांदेडच्या एका कॉलेजात, आणि कॉम्प्युटरलाच. कॉलेजांचे पर्याय ऑनलाइन भरायचे होते आणि नेमका तेव्हाच तिला ताप. तिनं वहीच्या पानावर क्रम लिहून दिला. मी नेटकॅफेत जाऊन ऐटीत खुर्ची ओढली आणि पहिल्या क्रमांकावर लातूरचं कॉलेज टाकलं, तेही सिव्हिल. तिच्या यादीत ते पाचवं होतं. कामून असं केलं म्हणाल, तर निलंग्याहून लातूरला गाड्यांची काही कमी नाही. माझ्याच स्टँडवरून सुटतात. लेक सकाळी जाईल, संध्याकाळी घरी जेवायला येईल. आणि नुसतं वर लिहिल्यानं काय बिघडतं? मार्क चांगले आहेत, नांदेड मिळेलच की.

नियम असा निघाला की पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की विषय संपला. तोच घ्यायचा. पुढच्या फेरीत उभं राहता येत नाही. आणि लातूर तर काय, पहिल्याच फेरीत मिळालं.

लेकीनं निकाल बघितला, मोबाइल पालथा ठेवला आणि एवढंच म्हणाली, ‘‘पप्पा, यादी होती ना तुमच्याकडं?’’

ती एक वर्ष लातूरला गेली. त्यावरून मला एक शब्द बोलली नाही, आणि त्या न बोलण्यानंच मी बेजार झालो. वर्षाच्या शेवटी तिनं स्वतःच शोधून काढलं की, जागा रिकामी असेल आणि पहिल्या वर्षाचे मार्क तसे असतील तर दुसऱ्या वर्षाला कॉलेज बदलता येतं. शाखासुद्धा. तिनं मार्क असे पाडले की नांदेडच्या त्याच कॉलेजात कॉम्प्युटरची जी एकुलती एक जागा रिकामी होती, ती तिला मिळाली. घरी पेढे आणले. पेढा माझ्या हातावर ठेवताना तिनं अट घातली. ‘‘यावेळी सगळं मी करणार. तुम्ही फक्त सोबत यायचं आणि बॅग धरायची.’’

‘‘हाव,’’ मी म्हणालो.

‘‘नुसतं हाव नको. कागदाला हात लावायचा नाही.’’

‘‘हाव म्हणलं ना माय.’’

नव्या कॉलेजानं प्रवेशपत्रासोबत एक सूचनापत्र दिलं होतं : ‘प्रवेशानंतरची पुढील कार्यवाही’. पाठपोट छापलेलं, एकूण अकरा मुद्दे. मी माझ्या नोकरीत पुष्कळ परिपत्रकं वाचली आहेत, म्हणजे पुष्कळांवर वाचल्याची सही केली आहे. पण या कागदासारखा कागद बघितला नाही. मुद्दा दोन म्हणतो, जुन्या कॉलेजाचं ना हरकत पत्र आणा. मुद्दा तीन म्हणतो, टीसी आणा, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. जुनं कॉलेज म्हणतं, टीसी देऊ, पण नव्या कॉलेजानं प्रवेश पक्का केल्याचं पत्र दाखवा. नवं कॉलेज म्हणतं, प्रवेश पक्का करू, पण टीसी दाखवा. मी आमच्या केबिनमध्ये हे कंडक्टर लोकांना सांगितलं तर एकजण म्हणाला, ‘‘हे म्हंजे गाडी आल्याबिगर तिकीट न्हाई अन् तिकीट काढल्याबिगर गाडी न्हाई.’’

त्यातून लेकीनं वाट काढली. दोन अर्ज, चार फोन आणि लातूरच्या तीन खेपा. मी बॅग धरून मागं. ज्या बुधवारी लातूरच्या कॉलेजानं टीसी हातात दिली, त्या दिवशी तिनं ती दोन्ही हातांनी धरून वाचली. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, सोडण्याचं कारण बरोबर. ‘‘शनिवारी पाचपर्यंत नांदेडला दाखवायची,’’ ती म्हणाली, ‘‘नाहीतर सोमवारी जागा यादीतल्या पुढच्याला जाईल. आपण उद्याच जाऊ.’’

मग ती मैत्रिणींना भेटायला गेली. वर्षभराच्या मैत्रिणी. फाइल माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, ‘‘पप्पा, तोवर पाच झेरॉक्स काढून ठेवा. टीसीच्या. बस्स.’’

आता इथं मला माझी बाजू थोडी मांडू द्या. बाहेर सकाळपासून रिपरिप चालली होती. नांदेडच्या गाडीच्या खिडक्या मला चांगल्या माहीत आहेत. आणि मला लॅमिनेशनचा नाद आहे. हा नाद नोकरीतून लागला. माझ्या केबिनमध्ये गाड्यांचं एक वेळापत्रक मी लॅमिनेट करून लावलं आहे. मार्ग बदलले, ड्रायव्हर रिटायर झाले, त्यातल्या अर्ध्या गाड्यांची वेळ आज कुणाला आठवत नाही. पण वेळापत्रक कसं, काल छापल्यासारखं. तेव्हापासून मला वाटतं की जगात टिकायचं असेल तर प्लास्टिकमध्ये शिरावं. घरचं रेशनकार्ड लॅमिनेट आहे. आमच्या लग्नाची पत्रिका लॅमिनेट आहे. बायको म्हणते, जरा कमी हलले तर एक दिवस हे मलाही करून आणतील.

झेरॉक्सवाल्यानं पाच प्रती काढल्या, मूळ कागद परत देता देता म्हणाला, ‘‘काका, लॅमिनेशन मारू का? पावसाळा हाय.’’

बस. त्यानं विचारलं नसतं तर मी गेलो असतो. पण ‘पावसाळा हाय’ म्हणाला, आणि मला एकदम वाटलं, देवानंच पाठवला. गेल्या वर्षी पोरीचं जे केलं ते थोडं तरी फेडावं. नांदेडला गेल्यावर बॅगेतून कोरडी ठणठणीत, चकाकती टीसी काढावी आणि ती म्हणावी, अय्या पप्पा! ‘‘मार,’’ मी म्हणालो. ‘‘अन् हे पण मार.’’ ते सूचनापत्रही दिलं. अकरा मुद्द्यांचं. रोज उघडून घडीवर विरत चाललं होतं बिचारं.

यंत्रातून दोन्ही कागद गरम गरम बाहेर आले. मी ते फाइलच्या तळाशी घातले, वर झेरॉक्स ठेवल्या. लेकीला काही सांगितलं नाही. आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

दिला.

गुरुवारी नांदेडच्या गाडीत बसलो. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, विष्णुपुरीला धरणाचं पाणी दिसलं तसं लेक खिडकीशी सरसावून बसली आणि ओढणी नीट केली. वर्षभरात मी तिला असं बसलेलं बघितलं नव्हतं. मी मनात म्हणालो, थांब, अजून तर तू टीसी बघितली नाहीस.

कॉलेजच्या विद्यार्थी विभागात खिडकीच्या आत एक मॅडम होत्या. चष्मा दोरीला अडकवलेला, समोर तीन शिक्के आणि एक शाईची गादी. लेकीनं एकेक कागद पुढं केला. मार्कमेमो. ना हरकत. प्रवेशपत्र. मॅडमचा हात यंत्रासारखा चालला होता : कागद, शिक्का, सही. कागद, शिक्का, सही. मग लेकीनं फाइलमध्ये हात घातला आणि तिचा हात तिथंच थांबला. बोटांना कळलं असणार. तिनं टीसी बाहेर काढली. ट्यूबलाइटचा उजेड त्या कागदावर असा पडला की त्यात वरचा पंखा फिरताना दिसत होता.

मॅडमनी चष्मा लावला. ‘‘हे कुणी केलं?’’

लेकीनं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणून मॅडमनी बघितलं.

‘‘पावसाळा...’’ मी म्हणालो.

‘‘काका, मला हिच्या मागं शिक्का मारायचा आहे. प्रवेश दिल्याचा. नोंद क्रमांक टाकायचा आहे, त्याच्यावर सही करायची आहे. त्याशिवाय विद्यापीठाचा पात्रता फॉर्म पुढं जात नाही. कशावर मारू? तुमच्या कपाळावर?’’

‘‘मॅडम, मारून तर बघा. बसेल.’’ माझ्यात जे माइकवरचं धाडस आहे ते अशा वेळी हटकून बाहेर येतं.

त्या बाईंनी खरंच मारला. जांभळा, गोल, ठसठशीत शिक्का. मग मला दाखवून त्यावरून करंगळी फिरवली. शिक्का पुसून बोटावर आला. त्यांनी बोट माझ्यापुढं धरलं. ‘‘हा घ्या तुमच्या मुलीचा प्रवेश.’’

रांगेतली पोरं हसली. मीही हसलो, वेळ मारून न्यायची माझी जुनी खोड. लेक हसली नाही. तिनं मॅडमना विचारलं, ‘‘मॅडम, आता काय करू?’’

‘‘दुसरी आण बाळा. शनिवारी पाचपर्यंत मी आहे. त्यानंतर माझ्या हातात काही राहत नाही.’’

बाहेर आलो तर सल्ल्यांचा बाजार भरला होता. आपल्याकडं एखाद्याचं वाटोळं झालं की उपाय सांगणारे कुठून गोळा होतात कळत नाही. एक पालक म्हणाले, फ्रीजरमध्ये ठेवा, प्लास्टिक आपोआप सुटतं. दुसरे म्हणाले, पेट्रोलमध्ये बुडवा. तिसरे हदगावचे, मुलाचं वसतिगृह बघायला आलेले. ते म्हणाले, ‘‘माझ्या भावानं सातबारा काढला होता असा, इस्त्री फिरवून. निघतंय.’’ मी विचारलं, सातबारा चांगला राहिला का? ते म्हणाले, ‘‘न्हाई, पण प्लास्टिक निघालं.’’

मी इस्त्रीवाल्याकडं निघालोच होतो. लेक मागून म्हणाली, ‘‘आधी दुसऱ्या कशावर तरी करून बघा.’’ तेव्हा मला कबूल करावं लागलं की दुसरं काहीतरी आहे. मी सूचनापत्र काढलं. तेही चकाकत होतं. तिनं ते हातात घेतलं, उलटं केलं आणि वाचत राहिली. मग बोट ठेवून माझ्यापुढं धरलं.

मुद्दा नऊ. ठळक अक्षरात. ‘मूळ कागदपत्रे कोणत्याही परिस्थितीत लॅमिनेट करू नयेत.’

प्लास्टिकच्या आतून ते इतकं स्वच्छ वाचता येत होतं की काय सांगू.

‘‘मी पुढचं पान वाचलं होतं,’’ मी म्हणालो. ‘‘मागचं राहिलं.’’

‘‘मागचं राहिलं,’’ ती म्हणाली. एवढंच. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

इस्त्रीवाला कॉलेजच्या कोपऱ्यावरच होता, कोळशाची इस्त्री, पत्र्याची टपरी. त्यानं सूचनापत्रावर फडकं टाकलं, इस्त्री फिरवली, कोपरा नखानं उचलला. प्लास्टिक सुटू लागलं. मी म्हणालो, बघ! मग दिसलं की प्लास्टिकसोबत अक्षरंही निघून येत होती. मुद्दा एक, मुद्दा दोन, सगळे उलटे होऊन प्लास्टिकला चिकटले आणि कागद खाली पांढरा पडत गेला.

तरी मी फाइलमधली टीसी पुढं केली. माणूस बुडायला लागला की काहीही धरतो. ‘‘हिला हलक्या हातानं...’’

त्यानं इस्त्री उचलून लांब ठेवली. ‘‘नक्को काका, नक्को. बच्चीची जिंदगी हाय. मी शर्ट जाळतो, भरून देतो. हे कुठून भरून देऊ?’’

एका इस्त्रीवाल्याला जे कळलं ते मला कळत नव्हतं, याची लाज मला अजून आहे. तेव्हा मात्र राग आला. मॅडमचा, त्या शिक्क्याचा, अकरा मुद्द्यांचा, झेरॉक्सवाल्याचा, पावसाचा. सगळ्यांचा आला. ज्याचा यायला पाहिजे त्याच्यापर्यंत पोचायला राग लातूरपर्यंत फिरून आला.

त्या दिवशी परतीच्या गाडीत आम्ही एका बाकावर बसून दोन गावांना चालल्यासारखे होतो. घरी फोन लावला. बायकोनं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. ‘‘केलंच ना तुम्ही?’’ म्हणाली आणि ठेवून दिला.

शुक्रवारी लातूरच्या कॉलेजात खिडकी उघडायच्या आधी आम्ही हजर. तिथल्या हेडक्लार्कना सगळे अप्पा म्हणतात. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, सदऱ्याच्या खिशात चार पेनं. टीसी त्यांनीच लिहिली होती, स्वतःच्या वळणदार अक्षरात. त्यांनी ती प्लास्टिकमधली बघितली आणि डोळे मिटले. ‘‘शिव शिव. पालक तुम्हीच का?’’

‘‘हाव अप्पा.’’

‘‘निलंग्याला माइकवर बोलता ते?’’

‘‘हाव.’’

‘‘मागच्या महिन्यात तुमच्यामुळं माझी उदगीरची गाडी चुकली.’’

म्हणजे सुरुवातच अशी झाली. अप्पांनी नियमांची फाइल काढली. दुय्यम दाखला मिळतो. पण मूळ दाखला हरवला असेल तर. पोलिसात तक्रार, तिची प्रत, शपथपत्र, मग अर्ज. किती दिवस? ‘‘लई लवकर म्हणलं तरी मंगळवार.’’

जागा सोमवारी जाणार होती.

‘‘पण अप्पा, हरवला तर नाही. हा हाय की समोर.’’

‘‘तीच तर अडचण हाय ना. हरवला असता तर नियम हाय. जळाला, भिजला, वाळवीनं खाल्ला तर खराब झालेल्याचा नियम हाय. हा तर मी दिला त्याच्यापेक्षा चांगला हाय. ह्याला काय म्हणू मी?’’

‘‘मग भिजवतो,’’ मी म्हणालो.

‘‘भिजंल का तो?’’ अप्पांनी विचारलं.

नाही भिजणार. त्यासाठीच तर केला होता. ‘‘मग जाळतो.’’

‘‘पप्पा,’’ लेक म्हणाली, ‘‘तुम्ही बसा.’’

मी बसलो. ती खिडकीशी पुढं झाली आणि शांतपणे म्हणाली, ‘‘अप्पा, दाखला वापरता येत नाही म्हणजे खराबच झाला ना? त्याच्यावर शिक्का बसत नाही. तुम्हीच मारून बघा.’’

अप्पांनी तिच्याकडं बघितलं. मग ड्रॉवरमधून शिक्का काढून प्लास्टिकवर मारला. अंगठ्यानं पुसला. निघाला. आपल्याच अंगठ्याकडं ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, ‘‘हे बराबर हाय. हा दाखला आहे पण नाही.’’ मग खुर्चीतून उठले, प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि दहा मिनिटांनी आले. ‘‘साहेब दोन वाजता बाहेर जाणार. त्याच्या आत अर्ज द्या. मूळ जमा करायचा, खराब झाला म्हणून नवा द्यायचा. पण काय झालं ते खरं लिहा. साहेब म्हणले, खरं लिहिलं तर सही करतो.’’

मला वाटलं, चला, सुटलो. कागद घेतला आणि लेकीच्या वतीनं भराभर लिहू लागलो. अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा कुणी नाही; अर्धी नोकरी खुलासे लिहिण्यात गेली आहे. ‘विषय : दाखला नव्याने मिळणेबाबत. महोदय, माझ्याकडून अनवधानाने...’

‘‘माझ्याकडून?’’ लेक माझ्या खांद्यावरून वाचत होती.

‘‘अगं, अर्ज तुझ्या नावानं ना. अशीच भाषा असती अर्जाची.’’

‘‘माझ्याकडून काही झालं नाही, पप्पा.’’

अप्पा खिडकीतून म्हणाले, ‘‘लेकराच्या नावावर कामून घालता? हा कागद तिच्या फाइलला राहणार कायमचा. तिचा अर्ज तिला लिहू द्या. तुमचा खुलासा तुम्ही लिहा, सोबत जोडू.’’

तिनं अर्ज लिहिला, चार ओळींत. आणि माझ्यापुढं कोरा कागद आला. मी लिहिलं, ‘मी खाली सही करणार, सदर विद्यार्थिनीचा पालक...’ आणि अडलो. माणसाला दुसऱ्याचं काय चुकलं ते सुचतं, स्वतःचं सुचत नाही. पेन तोंडात घालून बसलो. घड्याळात एक वाजून गेला होता.

‘‘सांगू का?’’ लेक म्हणाली.

‘‘सांग.’’

‘‘लिहा. ‘दाखल्याच्या झेरॉक्स काढण्यास मला सांगितले होते.’ ’’

लिहिलं.

‘‘ ‘लॅमिनेशन करण्यास सांगितले नव्हते.’ ’’

लिहिलं.

‘‘ ‘तरीही मी तिला न विचारता लॅमिनेशन केले.’ ’’

मी मान वर केली. ‘‘ ‘काळजीपोटी’ घालू का? ‘काळजीपोटी केले.’ साहेबांना बरं वाटंल.’’

ती खिडकीबाहेर कॉलेजच्या मैदानाकडं बघत होती. वर्षभर जिथं यायचं नव्हतं तिथं रोज आली होती, ते मैदान.

‘‘ते नका लिहू,’’ ती म्हणाली. ‘‘गेल्या वर्षी पण काळजीपोटीच होतं.’’

अप्पांनी टेबलावरची फाइल उगाच इकडची तिकडं केली.

मी लिहिलं नाही. ‘तिला न विचारता’ याच्याखाली मात्र मीच एक रेघ ओढली. कुणी सांगितली नव्हती. ही एक गोष्ट मी कुणी न सांगता केली आणि बरोबर केली. सही केली, खाली हुद्दा घातला. मग हुद्दा खोडला. इथं त्याचं काय काम?

दोनला दहा कमी असताना अप्पा सही घेऊन आले. मग एक नवीच अडचण. जुना दाखला रद्द करायचा, तर त्याच्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारायला पाहिजे. मारला. पुसला गेला. पुन्हा मारला. पुन्हा पुसला. लाल पेननं लिहायला गेले, पेन घसरलं. ‘‘काय चीज करून ठेवलीत हो,’’ अप्पा म्हणाले, ‘‘चालत न्हाई अन् मरत बी न्हाई.’’ शेवटी त्यांनी कात्री घेतली आणि कोपऱ्यातून आडवा कापला. त्याचा आवाज मला आतपर्यंत गेला.

नवा दाखला अप्पांनी तसाच सावकाश, वळणदार अक्षरात लिहिला. शाई वाळायला पंख्याखाली धरला. मग खिडकीतून बाहेर दिला. मी सवयीनं हात पुढं केला होता. अप्पांचा हात माझ्या हाताला वळसा घालून लेकीपर्यंत गेला.

शनिवारी पहिल्या गाडीनं निघालो. आमच्याच स्टँडवर माझ्या जागी दुसरा नियंत्रक होता. त्यानं लातूरची गाडी फलाट दोनवर लागल्याचं सांगितलं आणि ती खरंच दोनवर होती. मला उगाच वाईट वाटलं. टीसी लेकीच्या पिशवीत, वहीच्या पुठ्ठ्यांमध्ये, पिशवी पोटाशी. लातूरला गाडी बदलताना, लोह्याला चहाला उतरलो तेव्हा, मी एकदाही ‘दे इकडं, मी धरतो’ म्हणालो नाही. तीनदा तोंडात आलं होतं.

कॉलेजच्या फाटकाशी ती थांबली. ‘‘पप्पा, तुम्ही इथं बसा.’’

सायकल स्टँडजवळ एक सिमेंटचा बाक होता. मी बॅग मांडीवर घेऊन बसलो. तीन वाजले. साडेतीन. विद्यार्थी विभागाची खिडकी तिथून दिसत नव्हती, फक्त रांगेचं शेपूट दिसत होतं, आणि ते हलत नव्हतं. चार वाजता मी उठलो, दहा पावलं गेलो आणि परत येऊन बसलो. मी गेलो असतो तर काहीतरी बोललो असतो. काय बोललो असतो ते मलाही माहीत नाही, पण बोललो असतो. शेजारी तो हदगावचा पालक येऊन बसला. ‘‘निघालं का प्लास्टिक?’’

‘‘न्हाई,’’ मी म्हणालो. ‘‘मीच निघालो बाहेर.’’

पाचला वीस कमी असताना ती आली. चालण्यावरून काही कळेना. आमच्या घरात चालण्यावरून फक्त माझंच कळतं. जवळ आली आणि दाखल्याची झेरॉक्स माझ्यासमोर धरली. मागच्या बाजूची. तिच्यावर तो गोल शिक्का, आत नोंद क्रमांक, त्यावर मॅडमची सही.

‘‘झालं?’’

‘‘झालं. मॅडमनी विचारलं, वडील नाही आले का?’’

‘‘मग तू काय म्हणालीस?’’

‘‘म्हटलं, बाहेर बसवलेत. त्या म्हणाल्या, शहाणी आहेस.’’

तेव्हा ती हसली. गेल्या वर्षीच्या निकालानंतर माझ्यासमोर अशी पहिल्यांदाच. मी बॅग खांद्याला लावली. बोललो असतो तर तेही बिघडलं असतं.

अजून सहा मुद्दे बाकी होते. वसतिगृहाचा फॉर्म, ग्रंथालयाचं कार्ड आणि लातूरला एका नावानं झालेला विषय इथं दुसऱ्या नावाचा, म्हणून त्याची वेगळी परीक्षा द्यावी लागणार होती. सूचनापत्र तर इस्त्रीनं पांढरं झालेलं. पण ती बोटांवर मोजून घडाघडा सांगत होती, मागचं पानसुद्धा. वसतिगृहाच्या कचेरीकडं निघालो. वाटेत तिच्या चपलेचा पट्टा सुटला. ती वाकली, फाइल हातात अडकत होती, तर मान वर न करता तिनं ती माझ्याकडं केली.

‘‘धरा,’’ ती म्हणाली. ‘‘नुसती धरा.’’

मी धरली. पट्टा लावून होईपर्यंत, दोन्ही हातांनी.